मूळ पाठवा

मला मूळव्याध नाही. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण सापगावात सध्या उलटा समज आहे आणि तो शहापूरच्या बाजारापर्यंत पोचलेला आहे. परवा चहाच्या टपरीवर एका अनोळखी गृहस्थाने मला बाकावर जागा करून दिली आणि मी बसण्याआधी स्वतःचा टॉवेल दुमडून तिथे ठेवला. वर "सावकाश" म्हणाला. महिन्याभरात माझ्याकडे सात सुरण भेट आले. मूळव्याधीवर सुरण गुणकारी असतो हे मला आधी ठाऊक नव्हतं, आता विसरता येणार नाही. सात ही मूळ संख्या आहे, आणि या सगळ्या घोटाळ्याला तीच कारणीभूत आहे. म्हणजे सात नव्हे, मूळ संख्या.

मूळ संख्या शाळेत सगळ्यांना शिकवतात आणि सगळे विसरतात. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती. पाच, सात, अकरा वगैरे. आमच्या घरातही एक होती. ओटीवर दाराच्या डाव्या हाताला विजेचा मीटर होता, त्याच्या पट्टीवर ती कोरलेली होती: ६१४३३७७. एकसष्ट लाख त्रेचाळीस हजार तीनशे सत्त्याहत्तर. लोकांच्या ओटीवर गणपती असतो, आमच्याकडे तोही होता, पण पाहुण्याला मी आधी मीटर दाखवायचो.

तर एक दिवस लाइट ऑफिसचा माणूस सांगून गेला की जुने मीटर काढून नवे स्मार्ट मीटर बसवणार, पंधरा दिवसांत. मी ताबडतोब निशूला मेसेज केला.

निशू म्हणजे निशिगंधा, माझी एकुलती एक मुलगी. मुरबाडला दिली आहे. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटीने फार तर दीड तास. पण दोन वर्षांत ती आली नव्हती. माझी बायको शकू गेली तेव्हा आली, तेरा दिवस राहिली, आणि तेरावं आटोपल्यावर म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे." यावर मी, तिच्या सासूबाईंच्या देखत, म्हणालो, "लेकीच्या दारात तुकडे मोडायला मी काय भिकारी आहे?" वाक्य कुठेतरी ऐकलेलं होतं. बोलताना फार बाणेदार वाटलं. निशू पिशवी खांद्याला लावून निघून गेली. त्यानंतर दर रविवारी फोन. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." "बरं." "बरं." 'ये' एवढं एक अक्षर मला म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघत नव्हतं. मला तिची फार आठवण यायची. संध्याकाळी साडेसहा वाजता तर हमखास, आणि ते साडेसहाचं कारणही हा मीटरच.

घर बांधलं दोन हजार चार साली. रंग नव्हता, खिडक्यांना काचा नव्हत्या, पण मीटर होता. वीज मात्र संध्याकाळी साडेसहाला जायची आणि साडेनऊला यायची. मी भातसानगरला धरणाच्या ऑफिसात पाण्याची पातळी लिहायचो, मुंबई रोज किती पाणी प्यायली त्याचे आकडे दिवसभर डोळ्यांपुढून जायचे, म्हणून संध्याकाळी आकडा नको वाटायचा. ड्यूटीवरून आलो की शेजारी जयरामच्या ओट्यावर पत्ते कुटायला जायचो, ते थेट जेवायला परत. निशू तेव्हा दहा वर्षांची. शाळेत मूळ संख्या शिकून आली आणि मीटरकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ही मूळ आहे का हो?"

मी म्हणालो, बघू. हा 'बघू' मला एकशे चौऱ्याऐंशी संध्याकाळी पुरला.

कारण संख्या मूळ आहे का हे बघायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहावं लागतं. आमचीचं वर्गमूळ दोन हजार चारशे अठ्ठ्याहत्तरच्या जरा वर. तिथपर्यंत मूळ संख्या तीनशे सदुसष्ट. (ही तीनशे सदुसष्टसुद्धा मूळच आहे, पण त्याचं कौतुक करायला आता वेळ नाही.) कंदील लावून ओटीवर बसायचं, रोज दोन भागाकार, पहिला तिचा, दुसरा माझा. एका वहीत, एका संध्याकाळी एक पान. करार असा की मी तिची बाकी तपासायची नाही आणि तिने माझी. शकू आतून ओरडायची, "अहो, कुणी शिकवणीचे पैसे देतंय का?" आणि स्वतःच चहा आणून शेजारी बसायची. जयराम कुंपणावरून म्हणायचा, "वाल्मिक, तुज्या त्या नंबरापायी माजा गडी गेला रे." शेवटच्या दिवशी निशूने दोन हजार चारशे सत्त्याहत्तरने भागलं, बाकी उरली चारशे सतरा, आणि मी उठून जाहीर केलं की आपली संख्या मूळ आहे. पेढे वाटले. तेव्हापासून घरात त्या मीटरचं नावच 'मूळ' पडलं. "मुळावर जाळी लागलीत, पुसून घ्या," असं शकू म्हणायची.

हे एवढं सांगायचं कारण निशूचा मेसेज. मी लिहिलं होतं, "मीटर बदलणार. ६१४३३७७ जाणार." उत्तर आलं, "मूळ पाठवा. येते."

सात अक्षरं. मी मोजली. शेवटची दोन अक्षरं मी किती वेळा वाचली ते मात्र मोजलं नाही.

मी लगेच मीटर ओल्या फडक्याने पुसला, फोटो काढला आणि पाठवला. उत्तर आलं, "असं नाही हो बाबा. मूळ पाठवा." बरोबरच होतं. फोटो म्हणजे नक्कल, तिला अस्सल हवं होतं. एकशे चौऱ्याऐंशी संध्याकाळींची ती वस्तू भंगारात जाणार, ती पोरीने मागितली. म्हणजे तिलाही आठवण येत होती. मीटर मिळवायचा, कागदात गुंडाळून मुरबाडला पाठवायचा, की निशू येणार. इतकं सरळ काम माझ्या आयुष्यात दुसरं आलं नव्हतं.

पहिली चूक म्हणजे मी जयरामचा सल्ला घेतला. जयराम कसाऱ्याला रेल्वेत होता. जन्मभर इंजिनाशेजारी उभं राहून बोलल्यामुळे त्याचं खाजगी बोलणं तीन आळ्यांत ऐकू जातं. मी कानाशी जाऊन म्हटलं, "मूळ काढून घ्यायचंय, कसं करू?"

"मूळ काढायचाय?" जयराम गरजला. "मंग घाबरतं कशाला? आता लय सोपा झालाय. दुखत पन नाय!"

त्यातून आम्ही सावरून मीटरवर येईपर्यंत पाणवठ्यावरच्या बायका ऐकून पांगल्या होत्या. जयरामचा खरा सल्ला असा की सरकारी वस्तू तोंडी मागायची नाही, अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत मीटरला कुणाला हात लावू द्यायचा नाही. म्हणून लाइटवाले आमच्या आळीत आले ते दोन दिवस मी मीटरला पाठ लावून उभा राहिलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. येणारा जाणारा म्हणे, "बसा की भाऊ," आणि मी म्हणे, "बसून चालणार नाही." यावरून लोकांनी काय अर्थ काढला असेल ते मला पहिला सुरण आला तेव्हा समजलं. तो आणला गोजरआजीने. आमच्या मागच्या घरातली ही म्हातारी, भाजी विकते. पायरीवर सुरण ठेवून म्हणाली, "लाज नको धरू रं बाबा. माज्या दिरालाबी व्हता."

अर्ज मी स्वतः लिहिला. आयुष्य कचेरीत गेल्यामुळे विषयाची ओळ मला छान जमते. 'मूळ संख्या असलेला मीटर अर्जदारास मिळणेबाबत.' खिडकीवर भूमिका नावाच्या तरुण मॅडम होत्या. त्यांनी 'मूळ' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "म्हणजे मूळ रीडिंग का काका?"

"रीडिंग नाही. संख्या."

"म्हणजे ओरिजिनल नंबर. मग ओरिजिनल जोडणीची पावती लागेल. आणि मूळ मालकाचं संमतीपत्र."

"मूळ मालक मीच आहे."

"मग तसं प्रतिज्ञापत्र आणा ना."

तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टने मजकूर ऐकला आणि त्याला वाटलं की 'मूळ' या शब्दावर मेहनत घेतली पाहिजे. 'मी, मूळ अर्जदार वाल्मिक विशे, मूळ राहणार सापगाव, माझ्या मूळ घरातील मूळ मीटर...' वाचताना मलाच शंका आली की मी कुणीतरी दुय्यम आहे. आठ दिवसांनी ऑफिसचं पत्र आलं: आपल्या मूळ अर्जाची मूळ प्रत आढळून येत नाही, तरी झेरॉक्स सादर करावी. झेरॉक्स मी ठेवलीच नव्हती. मूळ असताना झेरॉक्स कोण ठेवतो?

त्या आठ दिवसांत सुरण पाच झाले. एक तर पोस्टमनने दिला, पत्रासोबत. आणि त्या रविवारी निशूचा फोन आला नाही. मेसेज आला, "नसेल जमत तर राहू द्या बाबा. मी काही म्हणणार नाही."

ती माहेरी येण्यासाठी एक साधी वस्तू मागते आणि बाप तीही देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी ऑफिसात हजर झालो, नवा अर्ज घेऊन. भूमिका मॅडम आता मला ओळखायला लागल्या होत्या. बहुधा सुरणाचीही बातमी त्यांच्यापर्यंत गेली असावी, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"काका, साहेब तयार आहेत. जुना मीटर असाही भंगारातच जातो. फक्त कारण लिहा."

मग मी सगळं सांगितलं. लोडशेडिंग, कंदील, तीनशे सदुसष्ट भागाकार, शकूचा चहा, मुरबाड. मॅडम हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "किती गोड हो काका," आणि सहज, अगदी कौतुकाने, त्यांनी मोबाइलवर संख्या टाकली. मग पुन्हा टाकली.

"काय झालं?"

"काका, ही मूळ नाहीये."

"नंबर चुकला असेल तुमचा."

"सहा एक चार तीन तीन सात सात. तीनशे सातने भाग जातो. बरोबर वीस हजार अकरा वेळा."

मी म्हणालो, मोबाइलला काय कळतं. अर्जाच्या मागच्या बाजूला तिथेच भागाकार मांडला. तीनशे सात दुणे सहाशे चौदा. पुढे दोन शून्यं. मग एक, मग एक. बाकी शून्य. पुन्हा मांडला. बाकी शून्य. मागे रांगेतल्या माणसाने तोही मोबाइलवर करून बघितला आणि "करेक्ट आहे" असं सांगितलं, त्याला कुणी विचारलेलं नसताना. एकवीस वर्षं मी पाहुण्यांना ओटीवर उभं करून जी दाखवत होतो, ती साधी, संयुक्त, कुणाकडूनही भागून घेणारी संख्या होती. आणि पेढे परत मागता येत नाहीत.

"मग काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "कारण काय लिहू?"

मी म्हणालो, "कारण उरलं नाही." अर्ज मागे घेतला. नवा मीटर दुसऱ्या दिवशी बसला. जुना त्या माणसाने गोणीत टाकला, आणि मी बघत उभा राहिलो.

माणूस बुडाला तरी कुठे बुडाला हे त्याला समजायला हवं असतं. मी माळ्यावरची वही काढली. तीनशे सात ही त्रेसष्टावी मूळ संख्या. म्हणजे बत्तिसावी संध्याकाळ, पहिला भागाकार. म्हणजे निशूचा. बत्तिसावं पान उघडलं. दहा वर्षांच्या पोरीचं गोल अक्षर, निळं बॉलपेन. भागाकार सगळा बरोबर. खाली लिहिलेलं: बाकी १.

मी पान उजेडात धरलं. एकचा गोल निळ्या शाईचा होता. शेपटी पेन्सिलीची होती.

तिने शून्य लिहिलं होतं. मग त्याला शेपटी काढली होती.

मला राग आला, हे कबूल करतो. दहा वर्षांची पोर बापाला फसवते, बाप पुढे एकशे बावन्न संध्याकाळी रॉकेल जाळतो, गावभर पेढे वाटतो, आणि ही शेजारी बसून पेढा खाते. मी वही मिटून पायरीवर येऊन बसलो. तेवढ्यात गोजरआजी सातवा सुरण घेऊन आली आणि मला चक्क बसलेला बघून खूश झाली.

"उतार पडला वाटतं?"

"आजी, मला काही झालेलं नाही. माझ्या निशूने मूळ मागितलं होतं. ती म्हणते, मूळ पाठवा, येते. आता मूळच राहिलं नाही. काय पाठवू तिला?"

गोजरआजीने सुरण खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग ती इतकी हसली की तिला ओटीचा खांब धरावा लागला.

"अरं येड्या, त्या यंतराला मूळ बोलतं का कोन? मूळ म्हंजे न्यायला माणूस धाडायचा! सासुरवाशिणीला माहेरा आनायला जो जातं, तो मूळ. तुज्या शकूला न्यायला तिचा भाव येई नाय का दर साली?"

हा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. शकूचा भाऊ दरवर्षी यायचा, शकू आदल्या दिवसापासून पिशवी भरून बसायची आणि "माझं मूळ येणार" असं आळीभर सांगायची. पण एकवीस वर्षं घरात एकच मूळ होतं, आणि ते भिंतीवर होतं. मुलीने साधं म्हटलं होतं, न्यायला या. दोन वर्षांपूर्वी बाप जे बोलला त्यानंतर तिला आपल्या पायांनी येणं जमत नव्हतं. कुणीतरी बोलवायला यायला हवं होतं. आणि मी तिला मीटरचा फोटो पाठवला.

"पन तिला तर भाऊ नाय," मी म्हणालो. गोजरआजीशी बोलता बोलता माझीही भाषा सुटते. "कुनाला धाडू?"

"तुला पाय हायत ना? जा की मंग," आजी म्हणाली. "आन रिकाम्या हातानं नको जाऊ." आणि तिने तोच सुरण माझ्या पिशवीत घातला.

मुरबाडला पोचलो तेव्हा चार वाजले होते. पिशवीत एक सुरण, एक वही. दाराशी उभा राहिलो तसं ते तुकड्यांचं वाक्य आठवलं, आणि परत फिरावंसं वाटलं. कडी वाजवण्याआधीच दार उघडलं. निशूच्या सासूबाई, कमळबाई. त्यांनी मला बघितलं, पिशवी बघितली, आणि मला 'या' म्हणायच्या आधी आतल्या बाजूला तोंड करून ओरडल्या,

"निशू, ए निशू! तुला मूळ आलाय गो!"

आत काहीतरी भांडं पडलं. निशू कणकेच्या हातांनीच बाहेर आली. दोन वर्षांत तिच्या कानाशी एक पांढरा केस आला होता. "जेवलात?" तिने विचारलं. "जेवलो," मी म्हणालो, आणि पुढे तेच तेच येऊ नये म्हणून घाईघाईने वही काढली आणि बत्तिसावं पान तिच्यापुढे धरलं.

तिने पान बघितलं आणि कणकेचं बोट त्या शेपटीवर ठेवलं.

"सापडलं होय."

"का केलंस?" माझ्या आवाजात राग आणायचा होता, तो आला नाही.

"मी शून्य लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परत जयरामकाकांकडे पत्ते खेळायला गेला असतात."

एकशे बावन्न संध्याकाळी. मला वाटत होतं त्या मी तिला दिल्या.

"मी आता तुला न्यायला आलोय," मी म्हणालो. "ये गो." म्हटलं एकदाचं. कमळबाईंनी पदर डोळ्यांना लावला, मग लगेच सुरण बाहेर काढून हातात तोलून बघितला, म्हणाल्या, "बेस हाय. पन तुमाला लागंल ना हा? आमी आयकलाय." म्हणजे बातमी मुरबाडलाही पोचली होती.

मी खुलासा करत होतो तोवर निशू आत जाऊन पिशवी भरायला लागली होती. कपाटाचं दार उघडल्याचा, हँगर सरकवल्याचा आवाज येत होता.

"किती दिसांसाठी न्हेता?" कमळबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"अकरा," मी म्हणालो.

"सतरा," आतून निशू म्हणाली.

दोन्हींच्या मधे आणखी एक मूळ संख्या आहे. तिचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.